मऊ निघालेला गोळा

१

नवरी मुलगी म्हणाली, "अगदी हवा होता तसाच!" आणि गळ्याला हात लावून मटकन खाली बसली.

मला आधी वाटलं, तिला आनंदाने भरून आलं. दुसऱ्या दिवशी लग्न, समोर तीन मजली चॉकलेटी केक, येतं एखादीला भरून. मी मूर्खासारखा खुर्ची शोधायला लागलो. तेवढ्यात तिचे ओठ सुजले, मानेवर लाल चट्टे उठले आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिच्या आईने पर्स जमिनीवर उपडी केली, त्यातलं इंजेक्शन उचललं आणि लेकीच्या मांडीत खुपसलं.

"शेंगदाणा!" ती माझ्या बायकोवर ओरडली. "तू माझ्या मुलीला शेंगदाणा घातलास!"

"शक्यच नाही हो," माझी बायको म्हणाली. तिचा आवाज सर्दी-तापाने बसला होता, नाक चार दिवस बंद होतं. "ऑर्डर घेतली त्या दिवसापासून या दारातून एक दाणा आत आलेला नाही."

हे खरं होतं. मुलीला शेंगदाणा चालत नाही हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं. तेव्हापासून आईने उभ्या केलेल्या आमच्या केकच्या कारखान्यात (कारखाना म्हणजे घराचा तळमजला, उगाच मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका) बायकोने इतका कडक बंदोबस्त ठेवला होता की मी खिशात चणे घेऊनही उतरत नव्हतो.

मुलीने खाल्लं ते एवढंच: फॉन्डंटच्या कडेचा एक तुकडा. मार्शमॅलो वितळवायचे, त्यात चॉकलेट आणि पिठीसाखर घालायची, हाताला पांढरं वनस्पती तूप लावून कणकेसारखा गोळा मळायचा आणि रात्रभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. सकाळी तो लाटून केकवर पांघरतात आणि खाली लोंबणारी कड कापून टाकतात. माझी बायको हे घरीच करते. त्यासाठीच लोक आमच्याकडे येतात.

रुग्णवाहिका गेली आणि फौजदार आले. त्यांच्याबरोबरच्या तपासनीस बाईंनी कडेचा एक तुकडा तिथल्या तिथे तपासला. शेंगदाणा निघाला.

"या मुलीचं लग्न आधी तुमच्या भावाशी ठरलं होतं ना?" फौजदारांनी बायकोला विचारलं. "आणि तिनेच मोडलं?"

बायकोने मान हलवली. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण त्या क्षणी ते किती वाईट दिसतंय हे मला कळलं.

"मुलगी अतिदक्षता विभागात आहे," फौजदार म्हणाले. "मी संध्याकाळी परत येतो. केकला कोणी हात लावायचा नाही. आणि बाई, तुम्ही कपड्यांची एक पिशवी भरून ठेवा."

२

मी मावशीला फोन केला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. विमा कंपनीत तिने उभी हयात खोट्या आगी पकडण्यात घालवली. कोणाच्या गोदामाला आग लागली की ही राखेत काठी फिरवायची आणि सांगायची, कापूस जळलाच नाही, तो आदल्या दिवशीच हलवला. घरात तिला आम्ही एक्स-रे म्हणतो, अर्थात तिच्या पाठीमागे.

"तिला कशाला बोलावलंस?" आई म्हणाली. वरच्या मजल्यावर ती चहा ओतत होती. डाव्या हाताने ओतत होती, त्यामुळे अर्धा बशीत सांडत होता. उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या. सकाळी किटलीने भाजलं म्हणे.

"मग कोणाला बोलावू? बायको तुरुंगात गेल्यावर बोलावू?" मी तिच्यावर उगाच खेकसलो. सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं. आधी पहाटे वरचं सिंक तुंबलं म्हणून आईने मला उठवलं. मग बायकोने वनस्पती तूप आणायला पिटाळलं, कारण आदल्या संध्याकाळीच डबा संपला होता. दुकान उघडेपर्यंत मी शटरसमोर ताटकळत उभा. परत येतो तो लाटणं चालू, आणि मग हे सगळं.

मावशी आली ती थेट खाली गेली. केकभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागे बांधून. मग माझ्या बायकोसमोर स्टूल ओढून बसली.

"रडून झालं?"

"झालं."

"मग सांग. काल संध्याकाळपासून. जे बिनमहत्त्वाचं वाटतं ते आधी."

बायको सांगायला लागली. काल संध्याकाळी तिने गोळा मळला. त्यातलाच थोडा तोडून गुलाबाची फुलं केली आणि ती वाळायला ठेवली. उरलेला गोळा गुंडाळला. इतक्यात समोरच्या गल्लीतला केकवाला, ज्याला आम्ही टोपीवाला म्हणतो, तो आमचा केक सजवायचा फिरता पाट परत करायला आला. तो टेबलापाशी बराच वेळ रेंगाळला. मग तिने कुलूप लावलं.

"आणि आज सकाळी?"

"सकाळी मात्र नशीब चांगलं होतं," बायको कडवट हसली. "गोळा लोण्यासारखा मऊ निघाला. लगेच लाटायला घेतला."

मावशीने चष्मा काढला. "एरवी कसा निघतो?"

"एरवी? दगड. रात्रभरात घट्ट होतो. थोडा गरम करायचा, पुन्हा मळायचा, मग वळणावर येतो. आज दमट हवा असेल म्हणून..." ती मध्येच थांबली.

"दमट हवा," मावशी म्हणाली. "बरं. कपड्यांची पिशवी भरलीस का?"

"भरली."

"ती सोडू नकोस एवढ्यात. मला अजून काही माहीत नाही."

३

टोपीवाल्याला मीच ओढून आणला. ओढून म्हणजे शब्दशः. हा माणूस घरातसुद्धा उंच पांढरी टोपी घालून बसतो, आणि या लग्नाची ऑर्डर आम्हाला मिळाली म्हणून महिनाभर धुमसत होता. त्याच्या दुकानात अर्ध्या पदार्थांत दाणे, अर्ध्यांत बदाम.

"मी त्या गोळ्याला बोटसुद्धा लावलं नाही!" तो टोपी सावरत म्हणाला. "बघत होतो फक्त. बघायला बंदी आहे का?"

"काय बघत होतात?" मावशीने विचारलं.

तो खजील झाला. "रंग. एवढा गडद रंग हिला कसा साधतो, तेच कळत नाही. माझा फिका राहतो. साखर जास्त पडते बहुतेक."

"हा गडद आहे?" मावशीने केककडे बोट दाखवलं.

टोपीवाला पुढे झाला, वाकला आणि त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "हा नाही हो. काल मी बघितला तो याहून गडद होता."

मला वाटलं हा चोरावर मोर होतोय. मी त्याच्या कॉलरला हात घालणार तोच मावशीने मला डोळ्यांनीच मागे सारलं आणि त्याला म्हणाली, "तुम्ही जा. आणि ती टोपी धुवा कधीतरी."

"सोडलंस त्याला?" तो गेल्यावर मी कडाडलो. "अगं, संध्याकाळ व्हायला आली!"

"ओरडून संध्याकाळ थांबते का? वहिनीला बोलव."

वहिनी म्हणजे माझी थोरली भावजय. भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. केकचे स्पंज ती भाजते, वरची सजावट माझी बायको करते. गेल्याच महिन्यात दारावर नवी पाटी लागली आणि तिच्यावर फक्त माझ्या बायकोचं नाव आलं. रंगाऱ्याची चूक होती, पण ती सुधारायची कोणाला घाई झाली नाही. तेव्हापासून वहिनी आमच्याशी कामापुरतंच बोलत होती. कारखान्याची दुसरी किल्ली तिच्याकडेच असते.

"मला राग आलाय, भावजी," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "राग आलाय म्हणून मी कोणाच्या पोरीचा जीव घेईन?"

"कोणी म्हटलंय तसं?" मी म्हणालो. खरं तर मी मनातल्या मनात सकाळपासून तेच म्हणत होतो.

मावशीने तिला भलतंच सांगितलं. "चॉकलेटचा स्पंज भाजायचाय असं समज. भांडं तयार करून दाखव."

वहिनीने खांदे उडवले. भांड्याला आतून तूप फासलं आणि बरणीतला कोको घेऊन आत भुरभुरला.

"मैदा का नाही टाकलास?"

"काळ्या केकला मैदा? पांढरे डाग पडतात की! इथे चॉकलेटच्या कामात पांढरं काही भुरभुरवत नाहीत. हिने फॉन्डंट लाटतानाही ओट्यावर कोकोच टाकलेला असणार."

"कोकोच," बायको म्हणाली.

मावशी उरलेल्या गोळ्यापाशी गेली. त्याला फौजदारांनी हात लावू नका म्हटलं नव्हतं, केकलाच म्हटलं होतं. तिने सुरीने गोळा मधोमध चिरला आणि आम्हाला जवळ बोलावलं.

आत, चॉकलेटी रंगाच्या पोटात, पांढऱ्या साखरेच्या बारीक रेघा होत्या.

४

"हा माझा गोळा नाही," बायको पुटपुटली.

"नाहीच," मावशी म्हणाली. "ती फुलं आण."

वाळत ठेवलेले गुलाब आले. कालच्या गोळ्यातले. ते जवळजवळ काळे होते. ते केकजवळ धरल्यावर केकवरचं पांघरूण दुधाच्या चहासारखं फिकं दिसलं. सकाळपासून दोन्ही एकाच खोलीत होते आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. बायकोच्या आलं असतं, पण घाईने आणि तापाने तिचे डोळे चुरचुरत होते.

मावशीने कागद मागितला. त्यावर एका बाजूला गुलाबाची पाकळी दाबली, दुसऱ्या बाजूला मऊ गोळ्याचा तुकडा, आणि आम्ही तिघं खुळ्यासारखे त्या कागदाकडे बघत बसलो. पाकळीखाली जवळपास काही उमटलं नाही. तुकड्याखाली मात्र हळूहळू डाग पसरला, कागद तेवढ्या जागी पारदर्शक झाला.

"तूप हाताला लागतं पण कागदात असं धावत नाही. हे तेल आहे," मावशी म्हणाली. तिने कागद वहिनीच्या नाकाशी नेला. "तुझं नाक उघडं आहे ना? बघ."

वहिनीने वास घेतला. चॉकलेटचा वास आधी आला असणार, कारण ती गोंधळली. तिने पुन्हा घेतला. मग तिचा चेहराच बदलला.

"घाण्याचं शेंगदाण्याचं तेल," ती म्हणाली. "आपण वर स्वयंपाकाला वापरतो ते."

तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी दचकलो. फौजदार होते. मुलीचा श्वास अजून यंत्रावर आहे, आणि आपण निघालोय, एवढंच त्यांनी सांगितलं.

५

मावशीने मला जिन्यात गाठलं.

"बस," ती म्हणाली. मी पायरीवर बसलो.

"कालचा गोळा कोणीतरी काढून घेतला आणि त्या जागी दुसरा ठेवला. तो रात्रभर विसावलेला नव्हता, म्हणून मऊ. रंग मुरायला वेळ मिळाला नाही, म्हणून फिका. म्हणजे आज पहाटेच मळलेला. टोपीवाला काल संध्याकाळीच निघून गेला होता, तो सुटला. तूप काल संपलं होतं आणि तू आज उशिरा आणलंस, म्हणजे मळणाऱ्याला पहाटे तूप मिळालं नाही. म्हणून तेल."

"वहिनीकडे किल्ली आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"वहिनी झोपेतसुद्धा काळ्या कामावर पांढरं टाकणार नाही. तुझी बायको तर नाहीच. आणि तुला चहासुद्धा जमत नाही." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती असं कधी करत नाही. "तुमच्या घरात फॉन्डंट मळता येणारी आणखी एक व्यक्ती आहे. तिने जन्मभर पांढरे केक केले. पांढरी साखर भुरभुरून."

"नाही," मी म्हणालो.

"वरच्या सिंकचा पाईप उघडशील?"

"मावशी, नको."

"मी उघडू शकते. पण मला वाटतं तू उघडावास."

मी वर गेलो. सिंकखाली बादली सरकवली आणि पाईपचा वाकडा तुकडा फिरवून काढला. पहाटे आई म्हणाली होती, चहापत्ती अडकली असेल. मी तेव्हा वरून चार दणके दिले होते आणि पाणी थोडं उतरल्यावर सोडून दिलं होतं. आता बादलीत पडला तो गडद, चिकट, चॉकलेटचा वास येणारा चिखल. काल संध्याकाळी माझ्या बायकोने मळलेला गोळा.

मान वर केली तर आई दारात उभी होती.

६

सगळ्या वर जमल्या. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, पण अजून कोणी बेल वाजवली नव्हती.

"ताई," मावशी आईला म्हणाली, "बोटं किटलीने नाही भाजली. वितळलेला मार्शमॅलो चिकटला की सुटत नाही."

आई खुर्चीत बसली. ती माझ्याकडे किंवा मावशीकडे बघत नव्हती, फक्त माझ्या बायकोकडे बघत होती.

"मला पहाटे जाग येते," ती म्हणाली. "आतल्या जिन्याने मी खाली जाते कधीकधी, त्या दाराला कुलूप नसतं. काही करत नाही गं, नुसती बघते. ओट्यावरून हात फिरवते. आज गोळा हातात घेतला तर दगड. बोटाने दाबला, खळगासुद्धा पडेना. म्हटलं, पोरीचा बिघडला. तापात होती, साखर जास्त पडली असेल. एवढं मोठं लग्न, तिचं नाव पाटीवर. सकाळी ती बघेल आणि रडेल. म्हटलं, आपण करून ठेवू. तिला कळणारही नाही. तो दगड गरम पाण्यात विरघळवून सिंकमध्ये ओतला."

"आई," बायको हळूच म्हणाली. "तो तसाच होतो."

"काय?"

"दगडच होतो तो रात्रीत. जरा गरम करून मळला की मऊ होतो. काही बिघडलं नव्हतं."

आईचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या वेळचा गोळा वेगळा होता, तिची कृती वेगळी. हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं, कारण दोन वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून, फार गोड बोलून, तिला वर बसवलं होतं. आराम कर म्हणालो होतो. ती खाली येते हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

"दाणा आणायचा नाही हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तूप नव्हतं, तेल घेतलं. तेल म्हणजे तेल, एवढंच डोक्यात. खालून शेंगदाण्याचा ओरडा ऐकला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

"तेव्हा का नाही बोललीस?" मी ओरडलो. मला राग आवरेना. "हिला घेऊन जायला आलेत ते! सबंध दिवस तू चहा ओतत बसलीस!"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, बघा, म्हातारीला खाली येऊ द्यायचं नव्हतं ते बरोबरच होतं." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी भ्याले रे. पोलिसांना नाही. त्याला भ्याले."

बेल वाजली.

वहिनी दार उघडायला गेली. जिन्यावर फौजदारांची पावलं वाजायला लागली. माझ्या बायकोने आईसमोर गुडघे टेकले आणि तिचा पट्ट्या बांधलेला हात धरला. भराभर बोलायला लागली.

"आई, ऐका. मी सांगते की तूप संपलं म्हणून मीच तेल वापरलं. नकळत. ते कोणालाही पटेल. फॉन्डंट माझंच असतं नेहमी. या वयात तुम्हाला तिथे प्रश्नांच्या सरबत्तीला नेऊन बसवतील, ते मला नाही बघवणार."

एका बाजूला ही, एका बाजूला ती. मी नुसता चिकट बादली धरून उभा होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती. मावशीने चष्मा पुसायला घेतला. तिचं काम झालं होतं, आणि समोर तिची सख्खी बहीण होती.

फौजदार आत आले. "मुलगी शुद्धीवर आली," ते म्हणाले. "वाचेल म्हणतात डॉक्टर. आईवडील तक्रारीवर ठाम आहेत. चला बाई."

बायको उठायला लागली. आईने तिचा हात सोडला नाही. तिला खाली दाबून ती स्वतःच उठली.

"ओटा घेतलास, किल्ली घेतलीस, मी काही म्हटलं नाही," ती सुनेला म्हणाली. "आता माझी चूकही घेणार?"

"आई..."

"नाही. ती माझी आहे."

मग तिने चपला घातल्या आणि फौजदारांना म्हणाली, "ते शेंगदाण्याचं तेल मी घातलं. आधी मला त्या मुलीच्या आईकडे न्या. तिच्याशी मी स्वतः बोलणार आहे. मग तुम्हाला जिथे न्यायचं तिथे न्या."

फौजदारांनी मावशीकडे पाहिलं, मावशीने मान डोलावली. आईने पुढे होऊन जिन्याच्या कठड्याला हात घातला. हात थरथरत होता. तिने बायकोकडे वळून पाहिलं.

"येतेस का बरोबर?" ती म्हणाली. "एकटीने नाही जमायचं मला."

बायकोने भरलेली पिशवी तिथेच टाकली आणि तिच्यामागून धावली.